"निसर्गापासून प्रेरणा" म्हणजे हे लोक नक्की काय घेतात?

हिरवी_शाई

हल्ली मुंबई-पुण्यात जमेल तेव्हा चित्रप्रदर्शनं बघते. कलाकार कुठलाही असो, दाराशी लावलेल्या कागदावर एक वाक्य ठरलेलं: कलाकाराला निसर्गातून प्रेरणा मिळाली आहे. मग आत पानं, वेली, मुळं, बिया, काय म्हणाल ते. परवा एका ठिकाणी पिंपळाची जाळीदार पानं सोनेरी रंगात बुडवून काचेत बसवलेली पाहिली. किंमत विचारली आणि गुपचूप बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. बहुतेकांना झाडाचा फक्त आकार हवा असतो. सुंदर आहे, ओळखीचा आहे, दिवाणखान्यात शोभतो. झाड वाढतं, वाकतं, कुजतं, त्याला कीड लागते, ते कुणाच्या तरी जमिनीत असतं. यातलं काही त्या कामात येत नाही. पण झाडाबरोबर खरोखर काहीतरी करणारे आजचे कलाकारही असणारच. तुम्ही पाहिले आहेत का? नुसती नावांची यादी नको. काम काय आहे, कसं केलंय आणि तुम्हाला ते का पटलं किंवा नाही पटलं, ते लिहा.

पुणेरी_चष्मा

प्रेरणा घेतात, परत करत नाहीत. एवढंच.

वाकडी_रेघ

शाईताई, तो दाराचा कागद बहुतेक वेळा कलाकाराने लिहिलेलाच नसतो. त्यावरून कामाची परीक्षा करू नका. (हे पोटतिडकीने लिहितोय, कारण माझ्या चित्रांबद्दल एकदा "अवकाशाच्या वनस्पतीजन्य शक्यता" असं छापून आलं होतं. मी भेंडी काढली होती.)

आता उत्तर. मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, १९४९. बिनोदबिहारी मुखर्जी आणि लीला मुखर्जी यांची मुलगी, बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकलेली. सत्तरच्या दशकात बाकीचे शिल्पकार दगड, धातू, फायबरग्लास करत होते, तेव्हा हिने दोर घेतला. सण या तागासारख्या झाडाच्या धाग्याचा, रंगवलेला. माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही, गाठीवर गाठ मारत माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. एकेका कामाला महिनोन्‌महिने. नावं यक्षी, रुद्र, वनश्री अशी.

दिल्लीत एक प्रत्यक्ष पाहिलं. समोरून देवी वाटते. बाजूने गेलात की मोठं फूल, पाकळ्या अर्ध्या मिटलेल्या. मागे गेलात तर नुसत्या लोंबत्या गाठी, पारंब्यांसारख्या. कुठलंही विशिष्ट झाड नाही, तरी वाढ आहे. म्हणजे झाडाचं चित्र न काढता झाड जसं वाढतं तसं ते काम वाढवलंय, एकातून दुसरं फुटत. पुढे तिने मातीत काम केलं, मग ब्राँझमध्ये. ब्राँझच्या वेळी पानं, देठ, ताडाचे भाग घेऊन त्यांचे ओतीव केले. २०१५च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरात ती गेली. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात पुन्हा सगळं काम एकत्र मांडलं गेलं.

हयातभर काही लोक तिच्या कामाला "विणकाम" म्हणत राहिले. हे मला अजून टोचतं.

अंबाडीची_भाजी

वाकडी_रेघ, वाचून आधी फोटो शोधले. दोर म्हटल्यावर मी बघणारच.

आमच्याकडे (परभणी जिल्हा) ज्वारीच्या पाटेला कडेने अंबाडी असायची. पानांची भाजी, बोंडांचं सरबत आणि काड्यांचा वाख. काड्या कापून पेंढ्या बांधायच्या, नाल्याच्या डबक्यात दगड ठेवून बुडवायच्या. आठ-पंधरा दिवसांत कुजतात. तो वास! डबक्याच्या अलीकडूनच पोरं नाक धरून पळायची. साल सुटली की सोलायची, धुवायची, वाळवायची, मग पांढरट सोनेरी वाख हातात येतो. आजोबा मांडीवर वळायचे. दावं, कासरा, चऱ्हाट, शिंकं, सगळं घरचं. पोळ्याला नवा कासरा आलाच पाहिजे.

हे सांगायचं कारण असं, की दोर हा कुजवून मिळतो. झाडाचं मऊ सगळं सडून जातं आणि जे सडत नाही ते राहतं. त्या बाईंच्या शिल्पांत जो जडपणा दिसतो, खाली लोंबणारा, तो मला तिथला वाटला. वाख ओला असताना असाच लोंबतो. चूक असेल तर सोडून द्या, मी चित्रकार नाही.

वाकडी_रेघ

@अंबाडीची_भाजी, चूक कसली, हे कुठल्याही कॅटलॉगात सापडलं नसतं. दंडवत.

मास्तर_बॉटनी

माझी कसोटी साधी आहे. चित्रातल्या झाडाचं नाव चित्रकाराला माहीत आहे का? नसेल तर प्रेरणा वगैरे बोलू नये. मी एका उद्घाटनाला "सह्याद्रीचं जंगल" नावाच्या मालिकेत गुलमोहर, निलगिरी आणि बहुधा क्रिसमस ट्री पाहिलं आहे. विचारलं तर "भाव महत्त्वाचा". पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, हेही ज्याने पाहिलं नाही त्याने झाड पाहिलंच नाही.

वनस्पतिचित्र काढणारे लोक बघा. बंगळूरच्या निरुपा राव पश्चिम घाटातले महावृक्ष काढतात. देठाचा सांधा, सालीची भेग, खोडावरचं शेवाळ, सगळं जागच्या जागी. याला म्हणतात झाडाचा आदर.

वाकडी_रेघ

मास्तर, मग प्रभाकर बरवे यांना नापास करणार का? त्यांच्या चित्रातलं पान कुठल्या झाडाचं, सांगा बघू. सपाट इनॅमलमध्ये रंगवलेलं एक पान, शेजारी घड्याळ, मध्ये भरपूर रिकामी जागा. त्या पानाला जात नाही, कूळ नाही. तरी ते पान बघून आल्यावर मला रस्त्यावर पडलेलं पान वेगळं दिसायला लागलं. तुमच्या कसोटीत हे कुठे बसतं?

मास्तर_बॉटनी

बरवे यांनी "सह्याद्रीचं जंगल" असं नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की जबाबदारी येते. माझा मुद्दा तिथेच आहे.

पुणेरी_चष्मा

मास्तरांच्या वर्गात एलिमेंट्रीला बसलेल्या पोरांची दया येते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि शेवटी तोंडी परीक्षा: "या जास्वंदीचे पुंकेसर मोजा." हलकेच घ्या.

सोलकढी_एक_वाटी

गोव्याहून हजेरी. तुम्ही सगळे गॅलरीत अडकलात. चतुर्थीला या आमच्याकडे. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, तिला रानातलं आणि कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं) जे मिळेल ते टांगायचं. नारळाची पेंड (घड), सुपारीचा घोस, तोरंजन, आंबाडे, चिबूड, निरफणस, कवंडळ आणि ज्यांची नावं फक्त आमच्या मावशीला येतात अशी शंभर रानफळं. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. लोक फळांचेच मोर करतात, बियांचे देव करतात, एकेका माटोळीत शेकड्यांनी जिन्नस.

मास्तर, तुमची कसोटी इथे आपोआप पास होते. नाव माहीत नसेल तर फळ सापडणारच नाही. मावशी चतुर्थीच्या आधी डोंगरावर जाते तेव्हा कुठलं फळ कुठल्या ओहळाच्या काठी, हे तिला पाठ. आता काही ठिकाणी ओहळ आहे, काठ नाही, कारण तिथे व्हिला झाला. मग बाजारातून विकत. फोंडा-म्हापशाला बाजार भरतो माटोळीचा.

तिरफळ

आमच्याकडे सिंधुदुर्गात माटवी म्हणतत. गोंयकारांनी सगळा श्रेय घेवचा नाय. :)

(बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत:) कवंडळ माटवीला पाहिजेच. हिरवं असताना नाही, लालभडक झालेलं. कापलंत तर आतून काळपट हिरवा चिकट गर. खायचं नाही. फक्त टांगायचं. लहानपणी मला कोडं होतं की जे खाता येत नाही ते देवाला कशाला.

अवांतर: सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं विसरू नका. लाखेचा रंग दिलेलं केळं, सीताफळ, आंबा. पाहुण्यांच्या पोरांनी चावून पाहिलेलं केळं आमच्या घरात अजून आहे, दाताच्या खुणांसकट.

सिराक्यूजचा_बंड्या

फळांवरून आठवलं. इथल्या विद्यापीठाच्या आवारात एक झाड आहे. सॅम व्हॅन एकन नावाचे कलाशिक्षक आहेत, त्यांनी एकाच झाडावर चाळीस जातींची कलमं केली. पीच, प्लम, जर्दाळू, चेरी, बदाम, सगळी आठळीवाली फळं, म्हणून एकमेकांवर धरतात. वसंतात एका फांदीला पांढरा मोहर, दुसरीला गुलाबी, तिसरीला जवळजवळ किरमिजी. बाकी वर्षभर साधं झाड. जवळून जाणाऱ्या पोरांना पत्ताही नसतो.

मला गंमत वाटली ती त्यामागच्या कामाची. न्यूयॉर्क राज्याच्या एका कृषी संशोधन केंद्राची जुनी बाग मोडायला निघाली होती. तिथे कित्येक जुन्या जाती होत्या. त्या वाचवायच्या म्हणून हे सुरू झालं. कोणत्या जातीला कधी फूल येतं याचा तक्ता करायचा आणि त्याप्रमाणे कलम कुठे बसवायचं ते ठरवायचं. म्हणजे चित्रच, फक्त रंग दिसायला काही वर्षं थांबायचं.

तिरफळ

बंड्या, आमच्या बापाशीन रायवळ आंब्याच्या एकाच खोडावर हापूस, पायरी नि गोवा मानकूर बांधल्यान. त्याका कोणी कलाकार म्हणाक नाय. शेजारी म्हणाले, "येका जाग्यार बस माणसा."

मास्तर_बॉटनी

उत्तर प्रदेशात मलिहाबादला कलीमुल्ला खान यांनी एका आंब्याच्या झाडावर तीनशेच्या वर जाती बांधल्या. २००८ साली पद्मश्री मिळाली, ती बागायतीसाठी. सिराक्यूजला असते तर संग्रहालयात गेले असते. यावर कलाकार मंडळींनी विचार करावा.

वाकडी_रेघ

मान्य. पण दोन्हीत एक फरक आहे. व्हॅन एकन यांना बघणारा माणूस हवा आहे, रोज तिथून जाणारा, एके दिवशी थबकणारा. खानसाहेबांना आंबा हवा आहे. दोन्ही थोर, पण हेतू वेगळा.

पुणेरी_चष्मा

मला आंबा हवा आहे.

रंधा

सुतारकाम करतो (फर्निचरचं, पोटासाठी). वर्षापूर्वी एका इटालियन माणसाचं काम पाहिलं आणि झोप उडाली. जुझेप्पे पेनोने. तो कापलेली तुळई घेतो. चौकोनी, रंधलेली, बांधकामाची तुळई. तिच्या टोकाला जी वर्तुळं दिसतात त्यातलं एक आतलं धरतो आणि त्याच वर्तुळावरून लांबीभर पटाशीने बाहेरचं लाकूड काढत जातो. तुळईतून झाड बाहेर येतं. कोवळं, त्या वर्षी जेवढं होतं तेवढं. फांद्यांसकट.

लाकडात काम करणाऱ्याला यातली मेख कळेल. तुळईत ज्या गाठी दिसतात त्या म्हणजे फांद्यांच्या मुळ्या. गिऱ्हाईक म्हणतं, गाठीचं लाकूड नको. मी पण निवडून बाजूला काढतो. हा गडी गाठीभोवती जपून कोरत जातो, कारण गाठीतून फांदी निघणार हे त्याला ठाऊक आहे. सागाच्या फळीवर आता रंधा फिरवताना माझा हात गाठीपाशी थांबतो. काम हळू होतं, मालक ओरडतो.

त्याचंच आणखी एक काम आहे, १९६८चं. स्वतःच्या हाताचा धातूचा साचा केला आणि एका जिवंत झाडाच्या खोडाला घट्ट धरून ठेवला. झाड वाढत राहिलं, फक्त त्या मुठीपाशी आवळलं. शाईताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यात मिळतं. झाडाने अर्धं काम केलंय.

हिरवी_शाई

रंधा, हा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). पण मुठीच्या कामाबद्दल मला थोडं खटकतं. झाडाला विचारलं होतं का? कोणी आपल्याकडे झाडाला खिळे ठोकून पाट्या लावतं तेव्हा आपण ओरडतो.

रंधा

विचारलं नव्हतं. त्याने ते लपवलंही नाही, धरलेला हात डोळ्यासमोर आहे. खिळेवाला शिकवणीची जाहिरात लावतो आणि निघून जातो. पण तुमचं खटकणं बरोबर आहे, मलाही ते काम बघताना गळ्याशी कसंतरी होतं.

परागकण

माझ्या नावाला जागून एक भर. वोल्फगांग लाइब, जर्मन. वसंतात गावाभोवतीच्या कुरणात, झुडपांत जाऊन हाताने पराग गोळा करतो. वर्षानुवर्षं. बरण्यांत भरून ठेवतो. मग संग्रहालयाच्या जमिनीवर चाळणीने चाळून एक मोठा पिवळा चौकोन करतो. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात हेझलनटच्या परागाचा असा चौकोन केला होता, साधारण अठरा फूट बाय एकवीस फूट. नव्वदच्या दशकापासून साठवलेला पराग. प्रदर्शन संपलं की गोळा करून परत बरणीत. आणि या माणसाचं भारताशी जुनं नातं, तमिळनाडूत मदुराईजवळ त्याची कामाची जागा आहे.

सोलकढी_एक_वाटी

आणि कोणी शिंकलं तर?

परागकण

तीच भीती प्रत्येकाला वाटते, म्हणून सगळे श्वास धरून उभे असतात. कामाचा अर्धा परिणाम त्यातून येतो असं माझं मत.

पुणेरी_चष्मा

हसून हसून पुरेवाट. जपानच्या त्या अझुमा माकोतोने २०१४ला बोन्साय आणि फुलांचा गुच्छ फुग्याला बांधून अमेरिकेच्या वाळवंटातून आकाशात सोडला, तीसेक हजार मीटर वर. फोटो अप्रतिम आहेत, नाकारत नाही. पण फुलांना एवढं वर नेण्यापेक्षा पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात आणलं असतं, जास्त हाल बघायला मिळाले असते.

वृक्षमित्र_निवृत्त

मी सरकारी नोकरीत वृक्षारोपणाचे कार्यक्रम केले आहेत. म्हणून योझेफ बॉइसचं काम मला सगळ्यात जास्त भावतं. १९८२, जर्मनीतलं कासेल शहर, डॉक्युमेंटा प्रदर्शन. त्याने संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बसाल्टचे सात हजार दगड आणून टाकले. अट अशी की शहरात एक ओक लावायचा आणि त्या ढिगातला एक दगड उचलून झाडाशेजारी उभा रोवायचा. जोवर झाडं लागत नाहीत तोवर ढीग जागचा हलणार नाही. लोक वैतागले. रोज जाता-येता ढीग दिसतोय, म्हणजे काम बाकी आहे! १९८६ला बॉइस वारला, १९८७ला शेवटचं झाड त्याच्या मुलाने लावलं.

आता आपल्याकडचा ५ जून आठवा. खड्डा तोच, रोप नवीन, फोटोतले साहेब नवीन. कागदावर आकडा मोठा. बॉइसने आकडा कागदावर ठेवलाच नाही, चौकात आणून टाकला. आमच्या कार्यालयासमोर असा दगडांचा ढीग टाकला असता तर मी निवृत्त झालो तरी हलला नसता. बसाल्टची आपल्याला कमीही नाही, अख्खा सह्याद्री पडलाय.

घाणेरी

आयडीवरून हसू नका, याच झुडपाबद्दल लिहितेय. टणटणी, घाणेरी, लँटाना, जे म्हणाल ते. परदेशातून बागेसाठी आणलेलं झुडूप, आता देशभरच्या जंगलांत माजलंय. खाली गवत उगवू देत नाही, मग चरणाऱ्या जनावरांची उपासमार. उपटायचं कष्टाचं काम आणि उपटलेल्याचं करायचं काय हा प्रश्न.

निलगिरीतल्या बेट्टा कुरुंबा, पणिया, कट्टुनायकन, सोलिगा समाजातल्या कारागिरांनी या काठ्यांचे हत्ती केले. प्रत्यक्ष आकाराचे. जाड काठ्या पाण्यात उकळून मऊ करायच्या, साल काढायची, लोखंडी सांगाड्यावर वाकवून बांधायच्या. त्यांच्या परिसरात वावरणाऱ्या खऱ्या हत्तींवरून एकेकाचं रूप घेतलंय. हा कळप २०२१ला लंडनच्या बागांत उभा होता, २०२४ला अमेरिकेत गेला.

मला आवडतं ते हे, की यात प्रेरणाबिरणा काही नाही. झुडूप नकोय. जेवढे हत्ती कराल तेवढं ते जंगलातून कमी होतंय. शिवाय ज्यांनी केलं ते हत्तींच्या शेजारी राहतात, पिकाचं नुकसान सोसतात. दुरून बघून "किती गोड" म्हणणारे नव्हेत.

डहाणू_लोकल

घाणेरीताईंच्या शेवटच्या वाक्याला धरून. आमच्या भागातल्या वारली चित्रांबद्दल एकानेही लिहिलं नाही, याचं आश्चर्य वाटलं आणि नाहीही वाटलं.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. मूळ ही चित्रं लग्नात सवाशिणी काढायच्या, पालघट देवीचा चौक. गेरूच्या नाहीतर शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, टोक चेचलेली बांबूची काडी हा ब्रश. म्हसे यांनी लग्नकार्याशिवाय, रोज काढायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात हिंडत होते, त्यांच्यामुळे बाहेर कळलं. पुढे १९८९ला पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रात प्रदर्शन. २००३ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्याबरोबर जोडप्रदर्शन. लाँग रानात चालत जातात, चालण्याची रेघ किंवा दगडांचं वर्तुळ ही त्यांची कला. ते वारली मुलखातही येऊन काम करून गेले. २०११ला म्हसे यांना पद्मश्री, २०१८ला ते गेले.

आता त्यांचं झाड बघा. ताड असेल तर ताडच, शिंदी असेल तर शिंदी. मास्तर, नाव चुकणार नाही. पण फांदीवर माकड, बुंध्याशी मुंग्या, खाली ताडी काढणारा चढतोय, बाजूला तारपा वाजतोय, आणि तो तारपा तरी कशाचा? दुधीचा, बांबूचा, ताडपानाचा. झाड एकटं कधीच नसतं. गॅलरीतल्या पिंपळपानाचा प्रॉब्लेम मला हा वाटतो: एकटं पान, पांढरी भिंत, आजूबाजूला कोणी नाही.

तेच वारली झाड आता कुर्त्यावर, मगवर, मेट्रोच्या खांबावर. काढणारा बहुतेक वेळा वारली नाही. त्यालाही "प्रेरणा"च म्हणतात.

ऑरेंज_सिटी

डहाणू भाऊ, एक नंबर लिहिलं. नागपूरकडून एक भर. मध्य प्रदेशात, आमच्यापासून जवळच पारडसिंगा गाव आहे. श्वेता भट्टड या नागपूरच्या शिल्पकार तिथे गावकऱ्यांसोबत ग्राम आर्ट प्रोजेक्ट चालवतात. देशी कापूस लावतात, सूत काततात, त्याच्या राख्या करतात अन् राखीत बी असते. सण झाला की मातीत टाका. शेतात पिकाचंच चित्र उगवायचे प्रयोगही त्यांनी केले. कापसाच्या पट्ट्यात राहून कापसाला हात लावणारे कलाकार किती, सांगा बरं? आम्ही लोक संत्र्याचे पुतळे उभारतो फक्त.

अंबाडीची_भाजी

पिकाच्या चित्रावरून: पुण्याजवळ डोणज्याला श्रीकांत इंगळहळीकर यांनी भातशेतीत चित्र उगवलं होतं, हिरव्या भातात जांभळट पानाचा भात लावून. जपानच्या इनाकादाते गावात १९९३पासून असं करतात. आवणीच्या वेळी एक ओळ चुकली तर गणपतीचं नाक वाकडं! आणि हो, कर्नाटकच्या रंजनी शेट्टर यांच्या काही शिल्पांत मलमलीवर चिंचोक्याची खळ लावलेली आहे. आमच्याकडे घोंगडीला लावतात तीच. वाचून उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

नवीन_पालवी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सागाच्या कोवळ्या पानांचा रंग वापरतेय. पान कागदावर चुरडलं की लालबुंद, पण आठवड्यात तपकिरी होतो. सर म्हणतात, टिकाऊ रंग वापर, नाहीतर विकणार कशी. काय करू?

रंधा

सागाची कोवळी पानं चोळून तळहात लाल करायचो आम्ही, मेंदी म्हणून.

घाणेरी

कापडावर असेल तर आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळव, रंग धरून राहायला मदत होते. कागदाला तुरटी जपून, कालांतराने कागद ठिसूळ होतो. थेट उन्हात ठेवू नकोस. तरी लाल लालच राहील अशी आशा धरू नकोस.

वाकडी_रेघ

@नवीन_पालवी, दुसरा रस्ता: टिकवूच नकोस. रोज त्याच वेळी एक पान चुरडून शेजारी शेजारी लाव. भिंतीवर पहिला ठसा तपकिरी, शेवटचा लाल. सरांना सांग, हेच काम आहे. विकलं जाणार नाही, पण गुण मिळतील. बहुधा.

मास्तर_बॉटनी

आणि प्रत्येक ठशाखाली तारीख, झाडाची जागा आणि शास्त्रीय नाव लिही. टेक्टोना ग्रँडिस.

हिरवी_शाई

धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. एक गोष्ट लक्षात आली. इथे ज्यांनी भरभरून लिहिलं त्यांनी दिसण्याबद्दल फार कमी लिहिलंय. वाखाचा वास, गाठीपाशी अडणारा रंधा, ढीग हलत नाही म्हणून वैतागलेलं शहर, डोंगरात फळ शोधणारी मावशी. मी प्रश्न "प्रेरणा" असा विचारला होता, आता मी दाराच्या कागदावर वेगळं काही शोधेन: हे करताना तुमच्या हातांनी काय केलं आणि किती काळ? उत्तर "सोनेरी रंगात बुडवलं, अर्धा तास" असं असेल तर माझं पहिलं मत कायम आहे.

बरवेंचा प्रश्न मात्र उरतोच. तिथे हाताला माती नाही, वाख नाही, आणि तरीही ते पान पटतं. का, ते मला सांगता येत नाहीये.

वाकडी_रेघ

मलाही नाही. चित्रांसमोर उभं राहून बोलू. मुंबईकरांनो, कट्टा करायचा का? राणीच्या बागेत सकाळी झाडं, मग शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय, तिथे आजच्या कलाकारांचं काहीतरी लागलेलं असतंच. मास्तर झाडांची नावं सांगतील, आपण न ऐकता चित्रं काढू.

मास्तर_बॉटनी

येतो. वही-पेन्सिल आणा. मोबाईलमधून ओळखायचं नाही.

ऑरेंज_सिटी

अन् आम्ही नागपूरवाल्यांनी काय पेंग्विनचे फोटो बघायचे का?

डहाणू_लोकल

मी येईन, पण माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते, तेव्हाच ठेवा.

पुणेरी_चष्मा

बुधवारी राणीची बाग बंद असते. मुंबईकरांना हे पुणेकराने सांगावं लागतं.